पावलांचं गाव जयपूर

जयपूरहून परतलेल्या बाईला शेजारणी पहिला प्रश्न विचारतात, "रजई आणलीत का हो?" आणि दुसरा, "लाखेच्या बांगड्या कशा मिळाल्या?" कुणी तिथून बांधणी आणतं, कुणी निळ्या नक्षीच्या बरण्या, कुणी मोजड्या. आम्हीही यातलं थोडंथोडं आणलं. पण ज्या वस्तूसाठी आम्ही एवढ्या लांब गेलो, ती जोहरी बाजारात मिळत नाही आणि तिला एक पैसाही पडत नाही. आम्ही जयपूरहून एक पाऊल आणलं. गव्हाळ रंगाचं, पाच बोटांचं, रबराचं.

ते पाऊल माझ्या मोठ्या नणंदेचं. वन्सं वाईच्या. गणपती घाटापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. पंधरा वर्षांचा मधुमेह अंगावर घेऊन सगळा संसार उरकणारी बाई. दोन वर्षांपूर्वी नव्या चपलेनं उजव्या पायाच्या करंगळीला एवढासा फोड आला. तो दुखला नाही, म्हणून त्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. मधुमेहात पायाची जाणीवच बोथट होते आणि घात होतो तो तिथंच. फोडाची जखम झाली, जखम काळी पडली, आणि शेवटी गुडघ्याखाली वीतभर ठेवून पाय काढावा लागला. घरी आल्यावर वन्संनी त्या पायाचं जोडवं एका डबीत घातलं आणि डबी देवघरात ठेवून दिली. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

जखम भरल्यावर भावोजींनी एका शहरातल्या दुकानातून पाय करवून घेतला. दिसायला देखणा. पैसेही बरेच मोजले. पण त्याचा घोटा ताठ आणि तो घालायचा बुटात. बाहेर जाण्यायेण्यापुरतं ते ठीक. पण आपल्याकडच्या बाईचा दिवस बाहेर कितीसा जातो? स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत, देवघरात तर नाहीच नाही. खाली बसून निवडायचं, पाटावर बसून पूजा करायची, तुळशीला पाणी घालायला अंगणात उतरायचं. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, बूट घालून मी देवापुढे उभी राहू?" मला उत्तर सुचेना. महिन्याभरात पाय कपाटावर गेला आणि वन्सं खाटेवर.

वाईत माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचे उत्सव असतात. दर वर्षी वन्सं अनवाणी घाट उतरून ओटी भरायला जायच्या. दोन वर्षं त्या गेल्या नाहीत. मांडव खिडकीतून दिसायचा, तर त्या खिडकी लावून घ्यायच्या. ते पाहून माझ्या यजमानांनीच विषय काढला, "ताई, आपण जयपूरला जाऊन येऊ."

गुलाबी शहरात

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी गाडी निघते. रात्री सुरत, बडोदा मागे पडतात, सकाळी डोळे उघडतात तेव्हा कोटा जवळ आलेलं असतं. सवाई माधोपूरच्या पुढं मोहरीची पिवळी शेतं दिसू लागतात आणि दुपारी आपण जयपुरात. कुबड्यांनिशी रेल्वेचा प्रवास म्हणजे कसोटीच. पण खालचा बर्थ मिळाला आणि स्टेशनवर चाकाची खुर्ची मिळाली की निम्मी काळजी मिटते. दिव्यांगांना आणि त्यांच्या सोबतच्या माणसाला भाड्यात सवलतही असते. त्यासाठी लागणारा दाखला आधी करून ठेवावा, आयत्या वेळी धावपळ नको.

जयपूर वसवलं सवाई जयसिंगानं, १७२७ साली. विद्याधर भट्टाचार्य नावाच्या बंगाली विद्वानानं त्याची आखणी केली. पाटावरच्या रांगोळीसारखी सरळ रेघांची आखणी, नऊ चौकडी आणि रुंद रस्ते. आज आपण ज्याला गुलाबी म्हणतो तो रंग नंतरचा, १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहराला दिलेला. हवामहल १७९९ चा. समोरून पाहिलं तर पाच मजली, आणि छोट्या खिडक्या नऊशेच्या वर. राणीवशातल्या बायकांनी आडून रस्त्यावरची मिरवणूक पाहावी म्हणून त्या केल्या. रिक्षातून तो पाहताना वन्सं म्हणाल्या, "म्हणजे या बायकाही माझ्यासारख्याच, खिडकीतून उत्सव बघणाऱ्या." हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं.

जयसिंगानं शहर वसवताना कारागिरांना बोलावून गल्ल्या नेमून दिल्या. मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या करतात. शेगडीवर लाख मऊ करायची, लाकडी दांड्यावर वळायची, गरम असतानाच खडे बसवायचे, आणि गिऱ्हाइकाच्या मनगटाच्या मापानं बांगडी जोडून द्यायची. खजानेवाल्यांच्या रस्त्यावर संगमरवराच्या मूर्ती घडतात. दुकानांसमोर अर्धवट घडलेले गणपती, राधाकृष्ण, नुसती पावलं, नुसते हात ओळीनं मांडलेले असतात आणि पांढऱ्या धुळीनं सगळी गल्ली माखलेली असते. ही गल्ली मुद्दाम पाहावी. कारण ज्या पावलासाठी आम्ही आलो होतो, ते अशाच कारागिराच्या हातून जन्माला आलेलं आहे.

डॉक्टर आणि मास्टरजी

जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. पाय गेलेल्या माणसांना त्या काळी परदेशी पद्धतीचे पाय बसवत. रोगी ते घेऊन घरी जात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कुबड्यांवर दिसत. डॉक्टरांनी याची कारणं शोधली. राजस्थानातला शेतकरी चिखलात उभा राहतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, देवळात अनवाणी जातो. ताठ घोट्याच्या, बुटातल्या पायाला यातलं काहीच जमत नाही. वन्संनी जे एका वाक्यात सांगितलं, तेच ते रोगी पाय टाकून देऊन सांगत होते.

त्याच हॉस्पिटलात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झालेली, पण हात सोन्याचे. रुग्णांना ते हस्तकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांची गोष्ट अशी सांगतात, की एकदा सायकलचं चाक पंक्चर झालं म्हणून ते दुकानात थांबले. तिथं ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम चाललं होतं. कच्चं रबर साच्यात घालून गरम केलं की ते घट्ट आणि चिवट होतं. ट्रकचा भार सोसणारं रबर माणसाचा भार का सोसणार नाही? त्यांनी पावलाचा साचा केला आणि टायरवाल्याकडून रबराचं पाऊल भाजून घेतलं.

पहिलं पाऊल काही लगेच साधलं नाही. सगळं रबर भरीव असलं तर ते जड होतं आणि पाहिजे तिथं वाकत नाही. मग डॉक्टरांनी शरीरशास्त्र सांगायचं आणि मास्टरजींनी हातांनी उत्तर शोधायचं, असं चाललं. शेवटी पावलाच्या पोटात तीन ठोकळे आले. टाचेत आणि चवड्यात हलकं, स्पंजासारखं रबर, आणि घोट्यापाशी लाकूड. त्यांभोवती टायरमध्ये असतात तसे धाग्यांचे थर गुंडाळले आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवलं. त्यामुळं हे पाऊल टाचेत दबतं, चवड्यात वाकतं, आणि उंचसखल जमिनीवर थोडं डावीउजवीकडेही कलतं. पाणी लागलं तरी बिघडत नाही. बोटं, नखं सगळं आहे, म्हणून वर बूट लागत नाही. १९६८ च्या सुमारास हे पाऊल तयार झालं आणि गावाच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं, जयपूर फूट.

पण चांगली वस्तू तयार झाली म्हणून ती गरजवंताच्या दारी आपोआप पोचत नाही. पहिल्या सात वर्षांत मोजक्याच लोकांना हे पाऊल मिळालं. देवेंद्रराज मेहता नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला १९६९ साली मोटार अपघातात पायाला भयंकर दुखापत झाली. पाय वाचला, पण हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं, की ज्याच्याजवळ पैसा नाही, ओळख नाही, त्याचं काय होत असेल? १९७५ साली त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. पाय फुकट द्यायचा, आणि आलेल्या माणसाला तारखा देत हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, हा नेम तेव्हापासूनचा. पाय, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली असं सगळं धरलं, तर संस्थेच्या हिशेबानं वीस लाखांहून जास्त लोकांना मदत पोचली आहे. अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गेलेल्यांपर्यंतही हे पाऊल गेलं.

डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पद्मश्रीही. ते २००८ मध्ये गेले. त्याच १९८१ साली तामिळनाडूत बसच्या अपघातात एका सोळा वर्षांच्या मुंबईकर मुलीचा पाय गेला. तिनं जयपूरचा पाय बसवून घेतला आणि १९८४ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम् नाचली. ती सुधा चंद्रन. तिच्या आयुष्यावरचा 'नाचे मयूरी' १९८६ मध्ये आला. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींना जयपूरच्या पावलाची ओळख झाली ती त्या सिनेमामुळं. वन्संनाही तो आठवत होता. "मला काही नाचायचं नाही बाई," त्या म्हणाल्या, "मला पोळ्या लाटायच्यात."

पाय असा होतो

संस्थेची मोठी वास्तू मालवीयनगर भागात आहे. सकाळी गेलो तर व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं बसलेली. कुणाचा पाय मळणीयंत्रात गेलेला, कुणाचा रेल्वेखाली, कुणाचा मोटारसायकलच्या अपघातात, आणि वन्संसारखे साखरेनं पाय नेलेलेही पुष्कळ. वन्सं पदर सावरून, पाय झाकून कोपऱ्यात बसल्या. शेजारी घुंगट घेतलेली एक राजस्थानी बाई होती. तिनं आपला घागरा सरळ वर केला आणि जुना पाय काढून दाखवला. म्हणाली, "सहा वर्षं झाली याला. रोज विहिरीचं पाणी भरते. आता टाच झिजली, म्हणून बदलायला आले." वन्संनी वाकून त्या पायाची झिजलेली टाच पाहिली, हात लावून पाहिली. त्यानंतर त्यांनी पदर पायावर ओढला नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते, कारण आपल्याला शिवणकामाची, साच्यांची सवय असते, चटकन समजेल. उरलेल्या पायाला आधी पातळ मोजा चढवतात. त्यावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. त्या घट्ट झाल्या की हलकेच काढून घेतात. हा झाला साचा. त्यात प्लॅस्टर ओतलं की उरलेल्या पायाची हुबेहूब मूर्ती मिळते. मग खरं कसब. कारागीर कानशीनं ती मूर्ती काही ठिकाणी घासतो, काही ठिकाणी भर घालतो. गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड स्नायुबंध असतो, तो भार सोसू शकतो, म्हणून तिथं खोलगट करायचं. हाडाचं टोक नाजूक, म्हणून तिथं जागा सोडायची. ब्लाउज शिवताना आपण कुठं टक्स घेतो, कुठं सैल ठेवतो, तसंच हे. एक सूतभर चुकलं तर बाई पाय घालणार नाही.

पुढं पाण्याच्या टाकीला लावतात तशा जाड प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा भट्टीत मऊ करून त्या मूर्तीवर चढवतात आणि आतली हवा ओढून घेतात, म्हणजे नळी अंगासरशी बसते. पूर्वी हे काम ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचं असे. आता या नळ्यांमुळं पाय हलका झाला आणि गंजायचा प्रश्नही उरला नाही. खाली रबरी पाऊल बसवतात, आणि मग चालवून पाहतात.

दोन लोखंडी कठड्यांमध्ये वन्संना उभं केलं. दोन वर्षांनी त्या दोन पायांवर उभ्या होत्या. पहिली चार पावलं त्यांनी कठडे इतके घट्ट धरून टाकली, की बांगड्या मनगटात रुतल्या. कारागीर खाली बसून नुसता पावलांकडं बघत होता. "थोडा बाहेर पडतोय," म्हणाला, पाय काढून घेतला, काहीतरी घासलं, परत घातला. असं तीनदा. मग त्यानं भिंतीशी सतरंजी टाकली आणि म्हणाला, "माँजी, पालथी मारो."

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. भिंतीचा कठडा धरून, आधी डावा गुडघा टेकून, त्या हळूहळू खाली बसल्या. उजवा पाय हातानं उचलून आत घेतला. मांडी जमली. आपल्याला काय त्याचं, आपण दिवसातून दहा वेळा बसतो उठतो. त्या मात्र तशाच बसून राहिल्या. कारागिरानं उठायला सांगितलं तरी उठेनात. मग म्हणाल्या, "वहिनी, पाट असता तर पूजा झाली असती."

आम्ही तिथं तीन दिवस राहिलो. राहणं-जेवणं संस्थेतच. तेवढ्यात पाय तयार झाला, चालण्याचा सराव झाला, आणि मधुमेह असल्यामुळं उरलेल्या पायाची कातडी रोज तपासली गेली.

गोविंददेवजींच्या दारात

निघण्याच्या दिवशी सकाळी गोविंददेवजींच्या दर्शनाला गेलो. सिटी पॅलेसच्या मागं बागेत हे देऊळ आहे. मूर्ती वृंदावनाहून आणलेली. दिवसातून सात वेळा झांकी होते, म्हणजे पडदा उघडतो आणि दर्शन मिळतं. मधल्या वेळात सगळी गर्दी त्या पडद्याकडं डोळे लावून थांबते. वन्संनी चपला बाहेर काढल्या. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. थंडीचे दिवस, फरशी गार. "डाव्या पायाला गार लागतंय, उजव्याला नाही," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पडदा उघडला तेव्हा "राधे राधे"चा गजर झाला. त्या गर्दीत कुणीही त्यांच्या पायाकडं पाहिलं नाही. तेवढंच त्यांना हवं होतं, असं मला वाटतं.

मग बापू बाजारात मोजड्या घेतल्या. इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. कृत्रिम पाय ज्या उंचीच्या टाचेला जुळवलेला असतो, त्याच उंचीचं पादत्राण घालावं. उंच टाच घातली तर तोल पुढं जातो आणि गुडघ्यावर ताण येतो. मोजडी सपाट, म्हणून ती चालली.

जयपूरचं पाऊल म्हणजे सगळ्यांवर एकच औषध, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना पळायचं आहे, त्यांच्यासाठी कार्बनची पाती निघाली आहेत. मांडीतून पाय गेला असेल तर गुडघाही कृत्रिम लागतो आणि शिकायला जास्त दिवस लागतात. त्यासाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेबरोबर स्वस्त गुडघा तयार केला. 'टाइम' साप्ताहिकानं २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. संगणकानं चालणारे महागडे गुडघेही मिळतात. आपलं घर कसं, काम काय, जमीन कसली, हे आधी पाहावं आणि मग पाय निवडावा. जमिनीवर बसणाऱ्या, अनवाणी वावरणाऱ्या बाईला जयपूरचं पाऊल मानवतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

घरी आल्यावर

पाय मिळाला म्हणजे काम संपलं, असं नाही. तिथं ज्या सूचना मिळाल्या आणि वाईच्या घरी ज्या उपयोगी पडल्या, त्या सांगते. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.

उरलेला पाय रोज रात्री साध्या साबणानं धुवावा आणि टिपून पूर्ण कोरडा करावा. सकाळी धुऊन लगेच पाय चढवला तर ओली कातडी सोलवटते. आरसा धरून खालची बाजू रोज पाहावी. लाली, फोड दिसला तर तो बरा होईपर्यंत पाय घालू नये आणि मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. दुसऱ्या, चांगल्या पायाचीही तितकीच काळजी घ्यावी. आता सगळी भिस्त त्याच्यावर.

आतले सुती मोजे रोज धुवावेत, चार-पाच जोड असावेत. सुरकुती राहू देऊ नये. पहिल्या वर्षात उरलेला पाय बारीक होत जातो आणि पाय सैल वाटू लागतो. अशा वेळी एक मोजा वाढवावा. आत चिंध्या, कापूस कोंबू नये. फारच सैल झाला तर वरचा भाग नवा करून घ्यावा.

ऑपरेशननंतरच्या दिवसांत गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नये. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग पाय बसवणं अवघड जातं. दिवसातून एक-दोनदा थोडा वेळ पालथं झोपावं.

कुबडी काखेत रुतू देऊ नये. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. भार तळहातावर घ्यायचा. काखेवर भार दिला तर हाताच्या नसा दबून मुंग्या येतात. काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. काठीची मूठ मनगटापर्यंत यावी. खालचं रबराचं टोपण झिजलं की लगेच बदलावं. चार आण्याची वस्तू म्हणावी, पण तिच्यापायी हाड मोडतं.

जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना कृत्रिम पाय आधी. न्हाणीघरात कठडा बसवून घ्यावा आणि अंघोळीला स्टूल ठेवावं. सटकणारी पायपुसणी घरातून हद्दपार करावीत. रात्री उठायचं झालं तर कुबड्या खाटेपाशीच हव्यात. पाय आहे या झोपेतल्या भरवशावर माणूस उभं राहतं आणि पडतं.

आणखी एक. गेलेला पाय दुखतो, त्याच्या बोटांना कंड सुटते, असं माणूस सांगतं. ते वेड नव्हे. मेंदूला अजून तो पाय आठवत असतो. घरच्यांनी हसू नये. डॉक्टरांकडं त्यावर उपाय असतात.

वन्सं आता सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, असं करत करत दिवसभर पाय घालतात. पोळ्या उभ्यानं करतात आणि भाजी खाली बसून निवडतात. उठताना अजूनही खांबाचा आधार लागतो. उन्हाळ्यात आत घाम येतो, चिडचिड होते, मग तासभर पाय काढून ठेवतात. या वर्षीच्या उत्सवात ओटी घेऊन त्या घाटावर गेल्या. नऊ पायऱ्या उतरल्या. दहावी शेवाळलेली होती, म्हणून थांबल्या आणि ओटी सूनबाईच्या हाती दिली. "पुढच्या वर्षी पायरी घासून घ्या," असं वर मंडळींना बजावलंही.

जायचं असेल तर

जयपूरला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. उन्हाळा सोसवत नाही. सोबत ऑपरेशनचे कागद, औषधं आणि ओळखपत्र न्यावं. जखम पूर्ण भरलेली असावी. साखर आटोक्यात आणूनच निघावं. पाय काढलेल्या माणसाबरोबर एक धडधाकट माणूस हवंच, आणि ते घाई न करणारं असावं.

सगळ्यांनाच एवढ्या लांब जाणं जमेल असं नाही. आपल्याकडंही सोयी आहेत. पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी ते निघालं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते. कृत्रिम अवयव आणि तीनचाकी सायकली बनवणारा सरकारी कारखाना कानपूरला आहे, १९७२ चा, आणि सरकारी योजनेतून त्याच्या वस्तू गरजूंना शिबिरांत मिळतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, तो जिल्हा रुग्णालयातून करून घ्यावा. जयपूरची संस्थाही ठिकठिकाणी शिबिरं भरवते, वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवावं.

आपल्या आळीत, आपल्या नात्यात कुणीतरी असं असतंच, ज्याचा पाय कपाटावर पडून आहे. त्याला "का घालत नाही?" असं विचारण्याआधी "तो घालून तुम्हांला काय करता येत नाही?" असं विचारून पाहा. डॉ. सेठींनी आणि मास्टरजींनी सुरुवात तिथूनच केली होती. उत्तर मिळालं की पुढचा रस्ता जयपूरपर्यंत असो, नाहीतर जिल्ह्याच्या गावापर्यंत, तो चालून जाण्यासारखा असतो.